आयोडीन देशात आहे, मांजरासाठी खोली नाही

बालाघाट : म्हातारे मांजर भरपूर खाते, तरीही दिवसेंदिवस वाळत जाते, रात्री अस्वस्थपणे ओरडत फिरते. घरचे लोक जंताचे औषध देतात किंवा वयाला दोष देतात. मूळ अनेकदा गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत असते. ही ग्रंथी अतिक्रियाशील झाली की हृदयावर ताण येतो आणि रक्तदाब वाढू शकतो. न्यूयॉर्कमधील पशुवैद्यकांनी १९७९ मध्ये या विकाराचे वर्णन केले. आज उतारवयातील मांजरांच्या प्रमुख विकारांत त्याची गणना होते.

मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोलच्या गोळ्यांनी संप्रेरक आटोक्यात राहते, पण गाठ तशीच राहते. गोळ्या जन्मभर द्याव्या लागतात. किरणोत्सारी आयोडीन-१३१ मात्र मुळावर घाव घालते. त्वचेखाली दिलेले एक इंजेक्शन पुरते. आयोडीन अतिक्रियाशील पेशींतच साठते आणि त्याचे बीटा किरण जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या परिघात काम करतात. भूल लागत नाही. शंभरांतील सुमारे ९५ मांजरे एकाच मात्रेत बरी होतात. मूत्रपिंडाचा सुप्त विकार उपचारानंतर उघड होऊ शकतो, म्हणून त्याची तपासणी आधी करावी लागते.

हे आयोडीन परदेशातून आणावे लागते असेही नाही. तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत समस्थानिके तयार होतात, वाशीची 'ब्रिट' ही संस्था त्यांचा पुरवठा करते आणि माणसांच्या थायरॉईडवर या आयोडीनने उपचार करणे देशात दशकानुदशके रूढ आहे. मग अडते कुठे?

अडते ते उपचारानंतरच्या दिवसांत. माणसाला 'मुलांपासून दूर राहा' असे सांगता येते. मांजर थेट मांडीवर येऊन बसते. त्याच्या लघवीतूनही किरणोत्सार बाहेर पडतो. म्हणून त्याला काही दिवस विलग कक्षात ठेवणे, मलमूत्र साठवून निवू देणे, प्रशिक्षित किरण-सुरक्षा अधिकारी नेमणे आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी मिळवणे आवश्यक ठरते. शिवाय या आयोडीनची मात्रा आठ दिवसांत निम्मी होते. ते साठवून ठेवता येत नाही; रुग्णांची तारीख आणि पुरवठ्याची तारीख जुळवावी लागते.

वैनगंगेकाठच्या बालाघाटात एवढा खर्च कोणत्याही खासगी दवाखान्याला परवडणारा नाही. गोव्यासारख्या छोट्या राज्यापुढेही हीच अडचण आहे. स्वतंत्र केंद्रासाठी पुरेसे रुग्ण ना तिथे मिळतील, ना इथे. त्यामुळे मार्ग एकच दिसतो: विद्यापीठांच्या आधाराने सामायिक प्रादेशिक केंद्र. बालाघाटला नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि जबलपूरचे पशुवैद्यकीय विद्यापीठ जवळ आहे, गोव्याला मुंबई. जिल्हास्तरावर रक्तातील टी-४ तपासणी नियमित झाली, तर केंद्राकडे रुग्ण पोहोचतील.

मांजरासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न येईल. मात्र कुटुंबे पाळीव प्राण्यांवर खर्च करू लागली आहेत आणि द्रव्य व ज्ञान दोन्ही देशात आहे. उणीव आहे ती एका सुरक्षित खोलीची आणि ती उभारण्याच्या निर्णयाची.