बाटली कुणाची आणि बुडतंय कोण?



पेरणीच्या घाईत सिनेमातल्या माणसावर अग्रलेख कशाला, असं कुणी विचारील. विचारावंच. पण गेल्या दोन महिन्यांत किनवट-माहूर भागातल्या बैठकांमध्ये हा विषय सारखा निघतोय, आणि त्यावरून आपल्याच माणसांत दोन तट पडायलेत. म्हणून एकदा नीट बोलून घेऊ.

हकिकत थोडक्यात अशी. ८ मार्च २००६ ला नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाने सरदार सरोवर धरणाची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटर करायला परवानगी दिली. बुडणाऱ्या गावांचं पुनर्वसन झालेलं नसताना भिंत वर नेऊ नका, यासाठी नर्मदा बचाव आंदोलन दिल्लीत जंतरमंतरवर धरणं देऊन बसलं. मेधाताई पाटकरांनी उपोषण केलं. एप्रिलमध्ये तिथं आमिर खान आला. तो बोलला ते एवढंच : धरणाला माझा विरोध नाही, पण ज्यांचं घरदार जातं त्यांचं पुनर्वसन झालं पाहिजे. यावरून गुजरातेत आरडाओरडा झाला. माफी माग म्हणाले, त्याने मागितली नाही. मे महिन्यात त्याचा 'फना' आला, तो गुजरातच्या थेटरवाल्यांनी लावला नाही.

मग दुसरा बाण निघाला. हा आमिर खान तेव्हा कोका-कोलाच्या जाहिराती करायचा. त्या कंपनीने केरळात प्लाचीमाडा गावच्या आदिवासींचं पाणी ओढलं. तिचे पैसे घेणारा माणूस नर्मदेच्या आदिवासींसाठी रडतो, हे ढोंग नाही का?

प्रश्न खोटा नाही. प्लाचीमाडा पालक्काड जिल्ह्यात आहे. २००० साली तिथं कोका-कोलाचा कारखाना सुरू झाला. थोड्याच दिवसांत आसपासच्या विहिरींचं पाणी खाली गेलं, जे उरलं ते पिण्याजोगं राहिलं नाही. कारखान्यातला गाळ खत म्हणून शेतकऱ्यांना दिला गेला, त्यात शिसं आणि कॅडमियम ही विषारी द्रव्यं सापडली. एप्रिल २००२ मध्ये आदिवासींनी कारखान्याच्या दारात ठाण मांडलं. पुढं होती मयिलम्मा, आपल्यासारखीच एक आदिवासी बाई. २००३ मध्ये पेरुमट्टी ग्रामपंचायतीने परवाना वाढवून द्यायला नकार दिला. मार्च २००४ पासून कारखाना बंद आहे, कोर्टकचेरी मात्र त्यानंतरही चालू राहिली. म्हणून आमिर खानला हे विचारायलाच पाहिजे होतं, आणि आम्हीही विचारलं : बाबा, तू नर्मदेला आलास, चांगलं केलंस. आता प्लाचीमाडालाही जा. मयिलम्मासमोर बस, आणि मग ती बाटली हातात धरायची का नाही ते ठरव.

पण हाच प्रश्न दोन तऱ्हेची माणसं विचारायलीत, आणि त्यांच्यातला फरक ओळखायला पाहिजे. एक तो, जो आधीपासून प्लाचीमाडाच्या बाजूने उभा आहे. त्याला आमिर खान सुधारावा असं वाटतं. दुसरा तो, ज्याने प्लाचीमाडाचं नाव यंदाच ऐकलं आणि तेही आमिर खानचं तोंड बंद करायला. त्याला ना मयिलम्माचं काही पडलंय, ना नर्मदेचं. आमिर खानने जाहिरात सोडली असती तर तो म्हणाला असता, याच्या गाड्या किती, बंगले किती? ओळखायची खूण सोपी आहे. प्रश्न विचारून झाल्यावर तो बुडणाऱ्या गावाबद्दल बोलतो का, ते बघा.

कारण बोलणारा कसा आहे हा एक प्रश्न, आणि बोललेलं खरं आहे का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर काहीही असो, दुसऱ्याचं उत्तर बदलत नाही. सरदार सरोवरात तीन राज्यांतली २४५ गावं येतात. त्यातली ३३ आपल्या महाराष्ट्राची, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. एप्रिलमध्ये केंद्राचे तीन मंत्री मध्य प्रदेशातल्या गावांत जाऊन आले. त्यांनाही पुनर्वसन बरंचसं कागदावरच दिसलं. ते मंत्री काही कुठल्या बाटलीची जाहिरात करत नव्हते. आणि पुनर्वसन कागदावर राहतं म्हणजे काय, हे नांदेडच्या माणसाला दिल्लीहून कुणी येऊन सांगायची गरज नाही. मुखेड तालुक्यात लेंडी प्रकल्पाच्या बुडीत गावांत जाऊन विचारा.

पैसे घेणाऱ्याने बोलूच नये, हा नियम लावला तर महात्मा फुल्यांनाही गप्प बसावं लागलं असतं. जोतीराव सरकारी बांधकामाचे कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. त्याच जोतीरावांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून सरकारी खात्यांची आणि सावकारांची लूट चव्हाट्यावर मांडली. आतून बघितलं होतं म्हणून तर इतकं नेमकं लिहिता आलं. कुणाच्या पैशाला हात लावला यापेक्षा तो पैसा घेऊन तोंड बंद केलं का उघडलं, हे महत्त्वाचं.

अरुंधती रॉय यांचंही तेच झालं. १९९९ मध्ये त्यांनी नर्मदेवर लिहिलं, बुकर पुरस्काराची रक्कम आंदोलनाला दिली. तरी इंग्रजीत लिहून पैसा मिळवणारी बाई, हिला आदिवासींचं काय कळतं, असं म्हणणारे निघालेच. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अवमानाबद्दल त्यांना एक दिवसाची कैद आणि दोन हजार रुपये दंड केला. म्हणजे पैसे ठेवले तरी ढोंगी, देऊन टाकले तरी ढोंगी.

ही काठी आपल्याही पाठीत बसलेली आहे. आपण जंगल राखायचं म्हणतो तेव्हा साहेब म्हणतात, तुम्हीच झाडं तोडता. बँक गरिबाला उभं करत नाही म्हटलं की म्हणतात, मग कर्ज मागायला कशाला येता? अहो, सातबारा नाही म्हणून बँक पीककर्ज देत नाही, आणि सातबारा का नाही, तर पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीला तुम्ही अतिक्रमण म्हणता म्हणून! कार्यकर्त्याच्या खिशात मोबाईल दिसला की विचारतात, हा कसला आदिवासींचा पुढारी? म्हणजे आदिवासीने लंगोटी लावून बोललं तर तो अडाणी, आणि पँट घालून बोललं तर तो ढोंगी. बोलायचं तरी कसं? त्यांना आपण बोलायलाच नको आहोत, एवढाच याचा अर्थ.

आता आपल्या घरातली गोष्ट. आपल्या मोर्चालाही एखादा नावाजलेला माणूस बोलवावा, म्हणजे पेपरात फोटो येईल, असं तरुण पोरं म्हणायलीत. येऊ द्या. पण त्याने आपल्यात खाली बसावं, आधी गावच्या बायांचं ऐकावं, मग बोलावं. पत्रकावर त्याचा फोटो छापायचा नाही. लढा एका माणसाच्या खांद्यावर ठेवला की तो माणूस घसरला की लढाही पडतो. विरोधकाला मग तुमच्या जमिनीबद्दल बोलावंच लागत नाही, त्याच्या बाटलीबद्दल बोललं की काम झालं.

जागतिक बँकेने १९८५ मध्ये सरदार सरोवराला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. १९९३ मध्ये तिला त्यातून बाहेर पडावं लागलं. ते कुणा नटामुळं नाही. मणिबेलीसारख्या गावांतली माणसं हलली नाहीत, म्हणून बँकेला मोर्स समिती नेमावी लागली. ती गावांत फिरली आणि तिने १९९२ मध्ये पुनर्वसनाची दशा लिहून दिली. माणसं आणि पुरावा, या दोन गोष्टींपुढं एवढी मोठी बँक मागं सरली.

आपल्यापुढं तसंच काम आहे. वनहक्काचा कायदा २००६ मध्ये बराच काळ संसदेत अडकलेला होता. विधेयकात २५ ऑक्टोबर १९८० ही तारीख होती. संयुक्त समितीने मे महिन्यात ती १३ डिसेंबर २००५ करावी असं सुचवलं. मान्य होईल का नाही, ते आपल्या रेट्यावर होतं. दंडाच्या जुन्या पावत्या, समन्स, पंचनामे ट्रंकेतून काढा, उंदरांनी खाल्ले नसतील तर झेरॉक्स करून ठेवा. म्हाताऱ्या माणसांचे जबाब ती धडधाकट आहेत तोवर लिहून घ्या. कोणती पट्टी कोण कधीपासून कसतो, ते ग्रामसभेत ठरावावर आणा.

आणि ढोंगाचा आळ आपल्यावर येऊ नये असं वाटत असेल तर एक सोपी गोष्ट : गावच्या लग्नात आणि आपल्या बैठकीत ती बाटली आणू नका. पाव्हण्याला हंड्यातलं पाणी द्या. तेवढं झालं की आमिर खानला जाब विचारायचा हक्क आपला, तालुक्याच्या पुढाऱ्याचा नाही.

लढेंगे, जीतेंगे!