तिला झोप लागते का, तेही विचारा

नवरात्रात जालना जिल्ह्यातल्या अंबडला मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर अख्खा तालुका लोटतो. त्या गर्दीत सातवा-आठवा महिना लागलेल्या सुनाही पायऱ्या चढताना दिसतात. त्यातल्या कितीतरी जणींनी नऊ दिवसांचा उपास धरलेला असतो. दिवसभर चहा, संध्याकाळी वाटीभर साबुदाणा किंवा भगर. रक्तवाढीच्या गोळ्या डब्यात तशाच पडून, कारण उपासाला गोळी चालत नाही असं कुणीतरी सांगितलेलं असतं. देवीवरची श्रद्धा माझीही आहे. म्हणूनच सांगावंसं वाटतं, दोन जिवांच्या बाईच्या नावचा उपास घरातल्या दुसऱ्या कुणी धरावा. नवऱ्याने धरला तर फारच चांगलं.

गरोदर बाईची तब्येत म्हटली की आपण दवाखाना, सोनोग्राफी आणि गोळ्या यांच्याबद्दल बोलतो. ते हवंच. पण ती काय खाते, किती ओझं उचलते, दवाखान्यात कधी जाते आणि रात्री तिला झोप लागते का, हे सारं घर ठरवतं. तिच्या एकटीच्या हातात यातलं फार थोडं असतं. म्हणून हे आवाहन तिला नाही. सासू, नवरा, आई, दीर, जाऊ आणि ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम, तुम्हा सगळ्यांना आहे.

आधी ताटाचं बघू. आपल्याकडे सून शेवटी जेवते. सगळ्यांची पानं उठली की ती चुलीपाशी बसते, तोवर टोपल्यात दोन भाकरी उरलेल्या असतात आणि पातेल्यात नुसता रस्सा. पालेभाजी संपलेली, दूध चहात गेलेलं. त्यात पुन्हा ‘जास्त खाऊ नको, बाळ मोठं होईल, बाळंतपण अडेल’ हा सल्ला. लोहाच्या गोळ्यांबद्दलही हेच. कुणी म्हणतं बाळ काळं होतं, कुणी म्हणतं बाळ वाढून बसतं. या दोन्हीत तथ्य नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या या बाया. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरलं. ज्यांच्या पोटात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त गेलं, त्यांची बाळं अधिक भरलेली होती. ज्यांच्यावर शेतातल्या आणि घरातल्या कामाचा बोजा जास्त, त्यांची हलकी. अडीच किलोच्या आत जन्मलेलं बाळ अशक्त धरतात, आणि पहिले काही महिने त्याला जपण्यात घर मेटाकुटीला येतं.

आपल्या राज्यात गरोदर बायांपैकी निम्म्याच्या आसपास बायांच्या अंगात रक्त कमी आहे. ११च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्त कमी, ७च्या खाली गेलं तर जिवावरचं दुखणं. चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा १८० गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात आणि बाळंतपणानंतर आणखी १८०. गोळीने शौचाला काळं होतं, कधी मळमळतं. त्याला घाबरून ती बंद करू नका. रात्री जेवण झाल्यावर द्या, आणि गोळीच्या मागेपुढे तासभर चहा नको, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. आमच्या भागात मोसंबीच्या बागांना तोटा नाही. एक मोसंबी सोलून गरोदर बाईच्या हातावर ठेवली तर गोळी जास्त लागू पडते.

आता ज्याबद्दल घरात कुणी बोलत नाही, ते. दिवस गेलेली बाई गप्प गप्प राहते, सारखी रडते, जेवणावरची वासना जाते, रात्रभर टक्क जागी असते, ‘मला कशातच गोडी वाटत नाही’ म्हणते. घरचे काय म्हणतात? नखरे आहेत. डोहाळे आहेत. फार झालं तर ‘बाहेरचं असेल’ म्हणून लिंबू उतरवायला नेतात. बाई ते अंगावर काढते आणि बाळ झालं की सगळे बाळाभोवती गोळा होतात. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात बाळंतपणासाठी येणाऱ्या बायांचा अभ्यास डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी दर १००पैकी २३ जणींना नैराश्याचा आजार होता, आणि त्यातल्या बहुतेक जणी पोटुशी असतानाच मनाने खचलेल्या होत्या. कारणंही पुढे आली. घरातली ओढाताण, नवऱ्याशी न पटणं, मारहाण आणि मुलगी होणं. ही कारणं वाचली की गोवा आपल्याला लांबचा वाटत नाही.

‘या खेपेला तरी मुलगाच’ हे वाक्य घरात दिवसातून चारदा कानावर पडत असेल, तर नऊ महिने त्या बाईच्या डोक्यावर टांगती तलवार असते. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, ही गोष्ट शाळेतली पोरंही आता सांगतात. गर्भलिंग तपासणी १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही बोलणं थांबत नाही, आणि ते बहुतेक वेळा घरातल्या बायकांच्याच तोंडून येतं. सासूबाई, तुम्हीही हेच ऐकत बाळंत झाला असाल. आता तुमचा शब्द घरात चालतो, तर हे बोलणं तुम्हीच बंद करा.

मन खचणं हा आजार आहे आणि तो बरा होतो. दोन आठवडे झाले तरी तिचं मन उठत नसेल तर आशाताईंना सांगा, दवाखान्यात डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचं ती बोलली, तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरात हात उचलला जात असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. शेजाऱ्यांनी केला तरी चालतो. गरोदर बाईला मारणं हा ‘त्यांच्या घरचा मामला’ नाही.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. काही अंकुशनगरच्या साखर कारखान्याला जवळच, बाकीच्या पार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्या कोयत्यावर घेतलेली. मग तिला कितवा का महिना असेना, खाडा केला की पैसे कापले जातात. पहाटे अंधारात भाकरी थापायच्या, दिवसभर ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, रात्री कोपीवर (झोपडीवर) परतून पुन्हा चूल. आडोसा नाही म्हणून ती पाणीही कमी पिते आणि लघवी तुंबवून ठेवते. त्यातून लघवीच्या मार्गात जंतू होतात आणि त्यापायी दिवस भरण्याआधीच कळा सुरू होऊ शकतात. पुढच्या वयात हीच बाई गर्भपिशवी काढायच्या खाटेवर पोचते. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक बायांची पिशवी काढलेली आढळली.

मुकादम दादांनो, तुम्ही आमच्याच गावातले, आमच्याच भावकीतले. सहावा महिना लागलेल्या बाईला मोळी उचलायला लावू नका, आणि तपासणीच्या दिवसाचा खाडा लावू नका. जमलं तर तिला गावीच राहू द्या आणि उचल पुढच्या हंगामात वळती करा. नेणारच असाल तर तिचं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या. ते कार्ड दाखवलं की कुठल्याही जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात तपासणी होते. कोपीवर १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे नंबर प्रत्येकाला पाठ असू द्या.

लहान वयातल्या लग्नाचंही सांगितलंच पाहिजे. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जालना जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी तिघींत एकीचं लग्न अठरा पुरं व्हायच्या आत झालेलं निघालं. पोरगी गावात एकटी कशी ठेवायची, म्हणून तोडीला जायच्या आधी लग्न उरकतात. ती काळजी मला कळते. पण सोळा वर्षांच्या पोरीचं अंग बाळंतपणाला तयार नसतं, आणि मन तर नसतंच. १०९८ या चाइल्डलाइनवर फोन केला तर हे लग्न थांबवता येतं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत मला फार मोलाची वाटते. आईच्या हातचं जेवण, उशिरापर्यंत झोप आणि मनातलं बोलायला माणूस. सासरीही तिला यातलं जे देता येईल ते द्या. दुसऱ्या खेपेला तर माहेरी जायलाही मिळत नाही, तेव्हा याची जास्तच गरज असते.

पैशाची अडचण असेल तर एवढं ध्यानात ठेवा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी हे सगळं २०११पासून मोफत आहे. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. आणि धोक्याच्या खुणाही ध्यानात ठेवा: डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, अंगावरून रक्त जाणं, बाळाचं फिरणं कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून खास तपासणी होते. येत्या ९ तारखेला नवऱ्यांनी सोबत जावं. केसपेपरच्या रांगेत तुम्ही उभे राहा, तिला बाकड्यावर बसू द्या. डॉक्टरांनी आत बोलावलं की तुम्हीही जा. वजन, बीपी, रक्त सगळं सांगून झालं की तिला झोप कशी लागते हेही त्यांना सांगू द्या, आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.