आधी पाणी तपासा, मग कण निवडा

जळगाव जामोदहून दक्षिणेला पूर्णा नदीकडे निघाले की खारपाणपट्टा लागतो. तिथल्या काळ्या मातीत सोडियम वाढले की चिकणमातीचे बारीक कण सुटे होतात, छिद्रे बुजवतात आणि पाणी मुरत नाही. उपाय जिप्समचा. त्यातले कॅल्शियम कणांना पुन्हा एकत्र बांधते आणि माती मोकळी होते. तेलक्षेत्रात नॅनोकणांवर काम करणाऱ्यांनी हा धडा जवळ ठेवावा, कारण मातीला तारणारे हेच कॅल्शियम आपला नॅनोद्रव, म्हणजे पाण्यात मिसळलेले नॅनोकण, नासवते.

अरबी समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राचेच पाहा. 1974 साली ‘सागर सम्राट’ या खोदाई-यंत्रणेच्या खोदाईत तिथे तेल लागले, 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. आता क्षेत्र जुने झाले आहे. दाब टिकवायला समुद्राचे पाणी आत सोडले जाते, तरी बरेच तेल खडकाला धरून राहते. 10 ते 50 नॅनोमीटरचे सिलिकाकण ते सोडवू शकतात. मायक्रोमीटरच्या छिद्रांतून ते सहज जातात, तेल आणि खडक यांच्यामध्ये पाचरीसारखे शिरतात आणि तेलाची पकड सैल करतात.

मात्र अशा यशाच्या बऱ्याच नोंदी वाळूखडकातल्या, कमी क्षाराच्या पाण्यातल्या आहेत. मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडकात आहे आणि तिथले तापमान 100 अंश सेल्सियसच्या पुढे आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, त्यांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही. हे आयन ऋणभारित सिलिकाकणांमधले अपकर्षण संपवतात, गुठळ्या होतात आणि ज्या वाटेने तेल यायचे तीच बंद होते. शिवाय चुनखडकाचा पृष्ठभाग अनेकदा धनभारित असतो. कण विहिरीच्या आसपासच चिकटून बसतात, दूरच्या तेलापर्यंत पोचतच नाहीत.

तेलप्राप्ती वाढवणाऱ्या पद्धतींना केंद्राच्या 2018 च्या धोरणाने सवलती देऊ केल्या आहेत. प्रस्ताव येत राहतील, म्हणून चाचणी कठोर हवी. नॅनोद्रव प्रत्यक्ष आत सोडायच्या पाण्यात, साठ्याच्या तापमानाला, काही तास नव्हे तर काही आठवडे टिकतो का, ते दाखवा. किती तेल निघाले याबरोबर किती कण खडकात अडकले आणि त्याची पार्यता, म्हणजे द्रव वाहू देण्याची क्षमता, किती घटली, हेही लिहा. नुसत्या समुद्राच्या पाण्याशी तुलना केल्याशिवाय वाढीचा दावा करू नका. फसलेले प्रयोगही आमच्याकडे पाठवा. त्यांना या मासिकात यशस्वी प्रयोगांइतकीच जागा मिळेल.

मातीचे परीक्षण झाल्याशिवाय जिप्समची मात्रा ठरत नाही. शेतीने पाळलेली ही शिस्त तेलक्षेत्रालाही पाळावी लागेल.