लसीकरणाची शिस्त रक्तदाबालाही हवी

जयपूरमध्ये डॉ. राजीव गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ‘जयपूर हार्ट वॉच’ ही पाहणीमालिका सुरू केली. रुग्णालयात आलेल्यांवर न थांबता वस्त्यांमधील प्रौढांचे वजन, रक्तदाब, रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल यांची मोजणी पुढील दोन दशकांत पुनःपुन्हा झाली. शहरात लठ्ठपणा आणि मधुमेह वाढत असल्याचे त्यातून दिसले. हृदयविकार हा सुखवस्तूंचा आजार, हा समज तर याच संशोधकांच्या ग्रामीण राजस्थानातील पाहणीने १९९४ मध्येच खोडून काढला होता. तेथे कमी शिकलेल्यांमध्येच या विकाराचे प्रमाण अधिक आढळले.

निदान इतके जुने असताना उपचार का रेंगाळले? उत्तर त्याच राज्यातील बालकांच्या लसीकरणात सापडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये राजस्थानातील सुमारे ५५ टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण झाले होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८० टक्क्यांवर गेले. या यंत्रणेच्या हाती बालकांची नावनिशीवार यादी असते, लसीकरणाचा वार ठरलेला असतो, आईजवळ कार्ड असते. बालक आले नाही, तर आशा कार्यकर्ती घरी जाते.

तिशी ओलांडलेल्यांच्या रक्तदाब-मधुमेह तपासणीत नेमका हाच दुवा निसटतो. शिबिरे होतात, तपासलेल्यांचे आकडे वर जातात. पण औषध सुरू झालेला माणूस पुढच्या महिन्यात परतला का, हे विचारणारे कोणी नसते. राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना आहे. औषध मोफत असूनही न परतणाऱ्याला शोधायचे, तर यादीच लागते.

हे अशक्य नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. ठरलेली औषधयोजना, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि चुकलेल्यांचा पाठपुरावा हेच त्याचे सूत्र.

यावर एक आक्षेप रास्त आहे. लशीच्या मात्रा संपतात, रक्तदाबाची गोळी बहुधा आयुष्यभर चालते. आधीच तुटपुंज्या मोबदल्यावर राबणाऱ्या आशांच्या हाती आणखी एक नोंदवही देणे म्हणजे अन्यायच. म्हणून या कामासाठी स्वतंत्र मनुष्यबळ, आशांना वाढीव मोबदला आणि उपकेंद्रापर्यंत औषधांचा अखंड पुरवठा यांची तरतूद आधी व्हायला हवी.

त्यानंतर सरकारने जाहीर करायचा आकडाही बदलावा. किती जणांना तपासले, याऐवजी किती जणांचा रक्तदाब वर्षअखेरीस नियंत्रणात राहिला, हे प्रत्येक जिल्ह्याने सांगावे. बालकाची एक मात्रा चुकली तर जाब विचारणाऱ्या यंत्रणेने त्याच्या आजोबांची गोळी चुकल्याचीही दखल घ्यायला हवी.