सगळे हो म्हणेपर्यंत

बारावी झाली आणि बाबांची बदली गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याला. माझं बी.ए. तिथंच सुरू झालं. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं, त्यानंतर दोनेक वर्षांची ही गोष्ट. आम्ही आरमोरीकडचे. नागपूरला आत्याकडे 'पानी' म्हटलं की भावंडं हसायची, म्हणून मी 'ण' घोटून घोटून तयार केला होता. धानोऱ्यात त्याचं कौतुक करणारं कोणी भेटलं नाही.

जुलै महिना. धानाचे रोवणे चालू, निम्मा वर्ग बांधीत. उरलेल्यांत मुरूमगावकडच्या मुली आपसात छत्तीसगढी बोलायच्या, खिडकीजवळची मुलं गोंडी. सरांनी मराठीत काही विचारलं की खिडकीजवळ सगळे बाकाकडे बघत. यांना काही येत नाही, हा निकाल मी आठवडाभरात देऊन मोकळी झाले.

मग वर्गप्रतिनिधी निवडायचा होता. हात वर केले, मोजले, माझी मैत्रीण निवडून आली. वह्या आवरत होतो, तर खिडकीजवळचा एक मुलगा उभा राहिला.

"चार जन तं बोललेच नाई."

"बहुमत झालं ना," मी म्हटलं.

"आमच्या गावात सगळे हो म्हनेपर्यंत बसतेत."

तो मेंढ्याचा होता. मेंढा (लेखा), २००९ मध्ये १८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं गाव. तिथली ग्रामसभा मतं मोजत नाही. एकाचंही मन वळलं नसेल तर विषय पुढच्या बैठकीला. हे सगळं मी पेपरात वाचलेलं, अगदी कौतुकानं. तिथला मुलगा आपल्याच वर्गात बसतो, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

त्यानं त्या चौघांना गोंडीत विचारलं. बराच वेळ काही नाही. मी दोनदा घड्याळ पाहिलं, खोटं कशाला बोलू. शेवटी एक मुलगी भराभर बोलली. त्यानं मराठीत सांगितलं: फळ्यावरची सूचना वाचायला थांबलं की शेवटची एसटी जाते, जो कोणी निवडाल, त्यानं ती गोंडीत ओरडून सांगावी. माझ्या मैत्रिणीला गोंडी येत नव्हती. दोन प्रतिनिधी ठरले.

पुढच्या आठवड्यात माठ कोरडा पडला. मी फळ्यावर लिहिलं, 'पाणी नाही'. जेवून परत आले तर खाली कोणीतरी गोंडीत लिहिलेलं, 'येर हिल्ले'. आणि माझा 'ण' बोटानं पुसून तिथं 'न' केलेला.


तो मी तसाच राहू दिला.