खोडावे की खूण करावी?

विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या चाळताना एक गोष्ट मनाला खटकते. लंबकाच्या वीस आंदोलनांचा वेळ वर्गातील प्रत्येकाने मोजावा आणि सर्वांचेच उत्तर पुस्तकाबरहुकूम यावे, हे संभवनीय नाही. न जुळणारी नोंद रबराने खोडली गेली, हे उघड आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. विज्ञानशिक्षकांच्या प्रांतातील माझा हा अतिक्रम क्षम्य मानावा.

28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ हा भारतीय उपग्रह अंतराळात गेला. त्यावरील क्ष-किरणांचे एक उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, पुण्याच्या ‘आयुका’सारख्या संस्थांच्या साहाय्याने सिद्ध केले. त्यात 16,384 सूक्ष्म घरे आहेत. दूरचा किरण घरावर आदळला की विजेचा क्षीण स्पंद उमटतो. परंतु विश्वकिरणांचे कणही त्याच घरांवर अहोरात्र वर्षत असतात. खरा पाहुणा कोणता आणि आगंतुक कोणता? म्हणून घरांखाली दुसरा शोधक बसविला आहे. दोहोंत एकाच क्षणी स्पंद उमटला, तर आरपार गेलेल्या आगंतुकाचा संशय घ्यावा. एकाच क्षणी मिळणाऱ्या दोन साक्षींची ही युक्ती वाल्थर बोथे यांची. तिच्यासाठी त्यांना 1954 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

गंमत पुढेच आहे. हे उपकरण संशयित नोंद फेकून देत नाही, तिच्यावर खूण करून ती पृथ्वीकडे धाडते. निवाडा येथे, निवांतपणे होतो. शेजारच्या दोन घरांत एकदम उमटलेले स्पंद कोणी घोटाळा म्हणून टाकून दिले असते. पण कधी कधी किरणच एका घरात आपटून शेजारी उसळतो, आणि त्या उसळीच्या दिशांवरून किरणांचे ध्रुवण कळते. क्रॅब तेजोमेघातील स्पंदकाच्या क्ष-किरणांचे ध्रुवण अशाच जोडनोंदींतून मोजले गेले व 2017 मध्ये प्रसिद्ध झाले.

सर्वत्र हे परवडत नाही, हे मान्य. 2008 मध्ये सोडलेल्या ‘फर्मी’ दुर्बिणीला बहुतेक नोंदी आकाशातच टाकाव्या लागतात. सगळ्या खाली धाडणे अशक्य असते. पण टाकण्याचा नियम नोंद येण्यापूर्वी ठरलेला असतो. आपल्या शापोरा नदीत जाळे टाकणाराही जाळ्याची घरे आधी विणतो, मासे पाहून नव्हे. आमचा विद्यार्थी मात्र उत्तर पाहून मग खोडतो.

यंदा वहीत रबर फिरवू नये. न जुळणाऱ्या नोंदीभोवती वर्तुळ काढावे. गुण कमी होतील, ही पालकांची भीती रास्त आहे. म्हणून वर्तुळ दिसताच गुण कापण्याची पद्धत आम्हा शिक्षकांनीच आधी बंद केली पाहिजे.