पहाटे घाटात दोन गट पळतात



रविवारच्या यवतेश्वर घाटातल्या रनचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. साठेक जण होते, आणि कौतुक करावं असंच सगळं होतं. एसटीतून निवृत्त झालेले आमचे एक काका पहिल्यांदाच न थांबता १० किलोमीटर पळाले. शुगर निघाली म्हणून डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं होतं, हे पळायलाच लागले! पोरांचे डबे भरून पाचला घराबाहेर पडणाऱ्या एका वहिनींनी २१ किलोमीटर पूर्ण केले. क्लबातले दोघे दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स करून आलेत. दर्बान आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधलं जवळपास ९० किलोमीटरचं अंतर, तेही १२ तासांच्या आत. एक सेकंद जरी उशीर झाला तरी पदक नाही. या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन.

आता जे सांगायचंय ते थोडं टोचेल. आधीच माफी मागतो.

घाट चढून यवतेश्वरच्या पुढं गेलं की जरा सपाट रस्ता लागतो. तिथं परवा एक पोरगा माझ्याजवळ आला. वीसेक वर्षांचा असेल, पायात कापडी बूट, एक अंगठ्यापाशी फाटलेला. म्हणाला, "काका, तुमच्या घड्याळात अंतर कळतं का? सोळाशे मोजायचंय."

तो पोलीस भरतीची तयारी करतोय. तो आणि त्याचे मित्र एका दगडापासून पुढच्या वळणापर्यंतचं अंतर १६०० मीटर धरतात. कुणीतरी सांगितलं, म्हणून धरतात. मी घड्याळ लावून चालत गेलो. भरलं १४१० मीटर!

म्हणजे सव्वापाच मिनिटांत सोळाशे मारतो असं हा पोरगा चार महिने समजत होता. खरं सोळाशे धरलं तर त्याची वेळ सहा मिनिटांच्या आसपास जाते. मी आकडा सांगितला तेव्हा तो काहीच बोलला नाही. खाली बसला आणि बुटाची नाडी बांधत राहिला. नाडी सुटलेली नव्हती.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यातले २० गुण मुलांना १६०० मीटरचे आणि मुलींना ८०० मीटरचे. बाकीचे १०० मीटर आणि गोळाफेकीचे. जसजशी वेळ वाढते तसतसे गुण कमी होतात. आपण दहा-वीस सेकंद मागंपुढं झालो तर फार तर चहा पिताना चेष्टा होते. या पोरांचं तेवढ्यात वर्ष जातं, आणि वयाची अट काही कुणासाठी थांबत नाही.

आणि आपण? साठ जणांच्या मनगटावर साठ घड्याळं. एकाच पहाटे, एकाच रस्त्यावर दोन गट पळतात आणि एकमेकांना साधा रामराम घालत नाहीत. आपण रनच्या पोस्टरवर 'सर्वांसाठी खुली' असं छापतो, पण ते पोस्टर टाकतो आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर. मग 'ती पोरं आपल्यात मिसळत नाहीत' म्हणायला आपण मोकळे.

भरतीच्या मुलींचं तर अजून अवघड. तिघी-चौघी मिळून पळतात आणि मागून कुणाचा तरी भाऊ मोटारसायकलचा दिवा लावून येतो. भावाला काम निघालं की त्या दिवशी पळणं बंद. आपल्या क्लबात पंधरा-वीस बायका आहेत. त्यांनी नुसतं "चला गं आमच्याबरोबर" म्हटलं तरी त्या दिव्याची गरज उरणार नाही.

काहीजण म्हणतील, मैदान देणं हे प्रशासनाचं काम आहे. शंभर टक्के मान्य. मोजलेला, दिवे असलेला, पहाटे उघडा असणारा ट्रॅक मागायलाच हवा, आणि आपल्यासारख्या चार शिकलेल्या लोकांनी निवेदन दिलं तर ते लवकर वाचलं जाईल. पण ट्रॅक होईपर्यंत टेप धरायला काय हरकत आहे?

आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाला, त्याचं खरं पळणं तिथं घडलं, आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं त्याच शर्यतीत रौप्य जिंकलं. भरतीसाठी पळणारा प्रत्येक पोरगा साबळे होणार नाही. पण साबळेसुद्धा आधी भरतीच झाला होता, एवढं लक्षात ठेवू.

माझं म्हणणं तीनच गोष्टींचं आहे. एक, रीतसर परवानगी काढून त्या सपाट पट्ट्यात ८०० आणि १६०० मीटरच्या खुणा करू. दोन, महिन्यातला एक रविवार भरतीच्या पोरापोरींची वेळ लावायला ठेवू. पुढं पळायला आपल्यातलाच एखादा वेगवान गडी देऊ. तीन, मुलींना आपल्या गटात घेऊ, फी न घेता. आणि कृपा करून जुने बूट वाटून फोटो काढू नका. त्यांनी बूट मागितलेले नाहीत, अंतर मोजून मागितलंय.

त्या पोराला मी येत्या रविवारी साडेपाचला बोलावलंय, मित्रांना घेऊन ये म्हटलंय. लांब टेप मी आणतो. दुसरं टोक धरायला एकजण पाहिजे. ज्याला जमेल त्यानं पाच वाजता समर्थ मंदिराच्या चौकात यावं, तिथून बरोबर वर जाऊ.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तरी या, चढावर बोलत बोलत भांडू.